डग्लसचा पट्टा शेवटी काढून घेतला कोणी?

11 फेब्रुवारी 1990, रविवार. टोकियो डोममधली लढत संपून काही तास झाले होते. जे घडलं ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. दहाव्या फेरीत माइक टायसन व्यावसायिक कारकिर्दीत पहिल्यांदाच खाली पडला. गुडघ्यांवर रांगत तो तोंडातून निसटलेलं माउथपीस चाचपडत राहिला, ते कसंबसं दातांत अडकवून उभा राहिला, आणि मेक्सिकन रेफरी ऑक्टाव्हियो मेरान यांनी त्याला मिठीत धरून लढत थांबवली. जेम्स 'बस्टर' डग्लस हेवीवेटचा जगज्जेता झाला. तरीही पत्रकारांसमोर बसून प्रमोटर डॉन किंग, वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलचे होजे सुलेमान आणि वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशनचे गिल्बर्टो मेंडोझा सांगू लागले की निकाल इतक्यात पक्का धरू नका. आठव्या फेरीत डग्लस पडला होता तेव्हा रेफरीने अंक सावकाश मोजले, त्याला दहा सेकंदांहून जास्त वेळ मिळाला, सबब तो तिथेच बाद झाला होता, असा त्यांचा दावा. इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशनने (आयबीएफ) मात्र डग्लसला लगेच मान्यता दिली. जगभर बोंब उठली, वर्तमानपत्रांनी या मंडळींना सोलून काढलं, आणि दोन-तीन दिवसांत उरलेल्या दोन्ही संघटनांनीही मुकाट्याने डग्लसचं नाव लावलं.

बॉक्सिंगचे चाहते हा किस्सा मोठ्या अभिमानाने सांगतात. लबाड प्रमोटर, मिंधे पदाधिकारी, आणि त्यांना वठणीवर आणणारे आपण प्रेक्षक. किस्सा खरा आहे. पण त्यानंतरच्या पस्तीसेक वर्षांत याच प्रेक्षकांनी डॉन किंगचं अर्धवट राहिलेलं काम पूर्ण केलं, असं माझं म्हणणं आहे. जगज्जेतेपदाचा पट्टा डग्लसच्या कमरेला राहू दिला आणि विजय मात्र काढून घेतला. आज कुणालाही विचारा, 'टोकियोत टायसन हरला' असं उत्तर येतं. डग्लस जिंकला, असं वाक्य क्वचितच ऐकू येतं. आपल्याकडे गल्लीतल्या दांडगट कुत्र्याचं नाव हमखास टायसन असतं. डग्लस नावाचं कुत्रं निदान माझ्या पाहण्यात नाही.

ही काढून घेण्याची क्रिया एका आकड्यापासून सुरू होते: 42 ला 1, म्हणजे डग्लसवर एक डॉलर लावला आणि तो जिंकला तर 42 मिळणार. लास वेगासच्या बहुतेक सट्टेबाजांनी या लढतीवर भावच काढला नव्हता, कारण डग्लसवर पैसे लावणारा कोण भेटणार? मिराज कॅसिनोच्या जिमी व्हॅकारो यांनी तो काढला. टायसनवर मोठमोठ्या रकमा लागत गेल्या तसा तो चढत 42 वर गेला. मग हाच आकडा चमत्काराचं मोजमाप होऊन बसला. खरं तर असा भाव पैसे कुणाच्या बाजूला वाहताहेत एवढंच सांगतो. बॉक्सरची कुवत मोजायचं ते माप नव्हे. त्या वाहत्या पैशामागे टायसनचे 37 पैकी 37 विजय होते, त्यातले 33 नॉकआउट, आणि 1988 साली 91 सेकंदांत आडवा केलेला मायकेल स्पिंक्स होता. हे सगळं प्रभावी होतंच. पण डग्लसच्या बाजूचे कागद कुणी उघडून पाहिले होते का?

उघडले असते तर काय दिसलं असतं? 1987 साली डग्लस टोनी टकरविरुद्ध रिकाम्या झालेल्या आयबीएफ किताबासाठी लढला आणि दहाव्या फेरीत हरला. त्या रात्री तो मनाने खचला, अशी टीका झाली, आणि ती गैर नव्हती. पण त्याआधीच्या फेऱ्यांत तो टकरला पुरून उरला होता. त्याच टकरने दोन महिन्यांनी टायसनला पूर्ण बारा फेऱ्या झुंजवलं. 1989 मध्ये डग्लसने ट्रेव्हर बर्बिकला हरवलं, ज्याच्याकडून टायसनने पहिला पट्टा हिसकावला होता तो हाच. त्याच वर्षी त्याने ऑलिव्हर मॅकॉललाही हरवलं, ज्याने पुढे जगज्जेत्या लेनॉक्स लुइसला आडवं केलं. आणि टोकियोतल्या लढतीच्या काही दिवस आधी सरावात टायसनला खाली पाडून ज्याने खळबळ उडवली, तो ग्रेग पेज? त्याला डग्लसने 1986 मध्येच हरवलेलं होतं. उंच, लांब हातांचा, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारत अंतर राखणारा आणि जवळ आला की धरून ठेवणारा माणूस टायसनला जड जातो, हे जेम्स टिलिस, मिच ग्रीन आणि 'बोनक्रशर' स्मिथ यांनी आधीच दाखवून दिलं होतं. ते तिघेही हरले, पण कुणीही बाद झाला नाही. डग्लसच्या हातांचा पल्ला टायसनपेक्षा 12 इंचांनी जास्त होता. या सगळ्यावरून डग्लस जिंकेल असं भाकीत करावं, असं मी म्हणत नाही. मात्र त्याला लिंबूटिंबू ठरवणं हा निव्वळ आळस होता, आणि आजही तो '42 ला 1' कौतुकाने उगाळणारा चाहता तोच आळस पुढे चालवतो.

आता प्रत्यक्ष लढत. बहुतेकांनी तिचे दोनच तुकडे पाहिलेले असतात, आठव्या फेरीतला आणि दहाव्या फेरीतला. ही लढत पहिल्या घंटेपासून पाहायला हवी. पहिल्या मिनिटातच लक्षात येतं की डग्लस घाबरलेला नाही. टायसनसमोर उभे राहणारे बहुतेक जण रिंगमध्ये शिरण्याआधीच हरलेले असत. हा माणूस सरळ जॅब मारतो. ढकलल्यासारखा नव्हे, तर खांद्यातून निघून नाकावर आदळणारा, आणि त्याच्यामागून सरळ उजवा ठोसा. टायसन आत घुसायला वाकला की डग्लस एक पाऊल बाजूला सरकतो, म्हणजे टायसनला पुन्हा नव्याने सुरुवात करावी लागते. अगदीच जवळ आला तर डग्लस त्याचे दंड आवळतो, मानेवर वजन टाकतो आणि सुटताना एखादा ठोसा ठेवून जातो. यात कुठेही रागाचा झटका नाही, नशिबाने बसलेला एखादा ठोसा नाही. पाचव्या फेरीपर्यंत टायसनचा डावा डोळा सुजायला लागतो. त्याच्या कॉर्नरमधल्या माणसांकडे सूज दाबायचं साधं धातूचं थंड साधनही नव्हतं. त्यांनी रबरी हातमोज्यात थंड पाणी भरून ते डोळ्यावर धरलं. टायसनच्या अधोगतीचं चित्र म्हणून हा हातमोजा हजारदा सांगितला गेला आहे. डोळा मुळात सुजवला कोणी, हे सांगायचं तेवढं राहून जातं.

आठव्या फेरीचे शेवटचे काही सेकंद. दोरांजवळ डग्लस जरासा गाफील राहतो आणि टायसनचा उजवा अपरकट खालून येतो. डग्लस पाठीवर पडतो. पडल्या पडल्या तो मूठ जमिनीवर आपटतो, स्वतःवरच चिडून. शुद्ध हरपलेला माणूस स्वतःवर चिडत नाही. तो रेफरीच्या बोटांकडे पाहत राहतो, नऊवर उभा राहतो आणि घंटा होते. रेफरीचे अंक वेळाधिकाऱ्याच्या अंकांच्या मागे होते, हे खरं. मेरान यांनी ते नंतर कबूलही केलं. पण नियमाप्रमाणे बॉक्सरला बांधून ठेवते ती रेफरीची मोजणी. घड्याळाकडे पाहून उठायचं की रेफरीकडे पाहून, असा प्रश्न खाली पडलेल्या माणसाला कधीच नसतो. मेरान भरभर मोजत असते तर डग्लस आधी उठला असता. तो नऊपर्यंत थांबला ते थांबता येत होतं म्हणून. प्रत्येक शहाणा बॉक्सर तेच करतो.

चाहत्यांचा इथला युक्तिवाद गंमतशीर असतो. 'नियमाने डग्लस बरोबर होता, पण...' आणि त्या 'पण'मध्ये सगळं काही वाहून जातं. हेच 1927 साली झालं होतं. शिकागोत सातव्या फेरीत जॅक डेम्प्सीने जगज्जेत्या जीन टनीला पाडलं आणि नियमाप्रमाणे लांबच्या कोपऱ्यात जायचं सोडून तो त्याच्या डोक्यावरच उभा राहिला. रेफरीने मोजणी उशिरा सुरू केली आणि टनीला चौदाएक सेकंद मिळाले. टनी उठला, पुढच्याच फेरीत त्याने डेम्प्सीला खाली बसवलं आणि लढत जिंकली. आदल्या वर्षी फिलाडेल्फियातही त्याने डेम्प्सीला स्वच्छ हरवलं होतं. पुढे 1928 मध्ये तो जगज्जेता असतानाच निवृत्त झाला. म्हणजे टनीने करण्यासारखं काही शिल्लक ठेवलं नाही. तरी बॉक्सिंगच्या इतिहासात तो उरला आहे 'लांबलेल्या मोजणी'चा लाभार्थी म्हणून. प्रेम डेम्प्सीवर होतं, दुसरं काय!

टनीचं उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं, कारण डग्लसविरुद्धचा सगळ्यात वजनदार मुद्दा त्याने मोडीत निघतो. मुद्दा असा, की डग्लस पुढे टिकलाच नाही. 25 ऑक्टोबर 1990 रोजी मिराजमध्येच तो इव्हँडर होलीफिल्डसमोर उभा राहिला तो 246 पौंड वजनाचा, टोकियोपेक्षा जवळपास 15 पौंड जड, आणि तिसऱ्या फेरीत झोपला. त्या एका लढतीचे त्याला सुमारे दोन कोटी चाळीस लाख डॉलर मिळाले. नंतर वजन बेसुमार वाढलं, 1994 मध्ये मधुमेहाने तो कोमात गेला आणि जेमतेम वाचला. होलीफिल्डच्या लढतीत त्याने माती खाल्ली हे मी नाकारत नाही, आणि त्याचे तेव्हाचे चाहते संतापले तेही रास्त होतं. मधल्या महिन्यांत तो डॉन किंगशी कोर्टात भांडत होता, ही सबब पुरेशी नाही. पण या पराभवाने फेब्रुवारीतला विजय मागे जाऊन पुसला जातो, हे तर्कशास्त्र कुठलं? टनी तर कधीच हरला नाही पुढे. त्याचा विजय तरी कुठे त्याच्या नावावर राहिला? तेव्हा नंतर काय झालं हे खरं कारण नव्हे. आधी ठरवून ठेवलेल्या निकालाला शोधलेला तो पुरावा आहे.

आपल्याला हे समजायला लांब जायला नको. 25 जून 1983 ला लॉर्ड्सवर भारताने 183 धावांत आटोपूनही वेस्ट इंडीजला 140 वर गुंडाळलं. स्पर्धेच्या सुरुवातीला भारताचा भाव 66 ला 1 होता. काही महिन्यांतच क्लाइव्ह लॉइडचा संघ भारतात आला आणि त्याने कसोटी मालिका 3-0 ने आणि एकदिवसीय मालिका 5-0 ने जिंकली. पाचपैकी पाच! होलीफिल्डने डग्लसचं केलं तेच. मग 1983 चा विश्वचषक हा वेस्ट इंडीजच्या बेफिकिरीचा किस्सा आहे, असं आपण म्हणतो का? कुणी म्हणून तर पाहावं. संदीप पाटील, गावसकर, वेंगसरकर, शास्त्री ही मुंबईची मंडळी त्या संघात होती. त्यांचा पराक्रम कुणी 'लॉइडचा एक वाईट दिवस' म्हणून खपवू लागला तर आपण त्याला उभं करणार नाही. फरक एवढाच, की 1983 ची आठवण जपायला एक अख्खा देश होता. डग्लसकडे ओहायोतलं कोलंबस शहर होतं, आणि टायसनकडे उरलेलं जग.

उरलेलं जग आठवण सांगतं ती टायसनच्या बाजूने. त्याला घडवणारे गुरू कस डामाटो गेले, मॅनेजर जिम जेकब्स गेले, प्रशिक्षक केव्हिन रूनीला काढलं, लग्न मोडलं, सरावाकडे दुर्लक्ष झालं, टोकियोत रात्री जागवल्या. यातलं बरंच खरं आहे. पण टायसन तेव्हा 23 वर्षांचा होता आणि रूनीला हाकलण्याचा निर्णय त्याचाच होता. तयारी न करणं ही काही आभाळातून कोसळलेली आपत्ती नव्हती. शिवाय ज्याच्यात काहीच उरलं नव्हतं, त्याने आठव्या फेरीत डग्लसला कसं काय झोपवलं? अपरकट बसेपर्यंत टायसन सुस्त होता आणि त्या ठोशापुरता जगातला सर्वात भयंकर बॉक्सर होता, असं दोन्ही एकाच वेळी सांगता येणार नाही. दुसऱ्या बाजूचं कौटुंबिक ओझं मात्र त्या हिशेबात कुणी धरत नाही. लढतीच्या जेमतेम तीन आठवडे आधी डग्लसची आई लुला पर्ल वारली होती, बायकोपासून तो वेगळा राहत होता आणि त्याच्या मुलाची आई गंभीर आजारी होती.

इथे डग्लसच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. लढतीनंतर रिंगमध्येच त्याला विचारलं गेलं की हे कसं जमलं, आणि तो आईचं नाव घेऊन रडला. तेव्हापासून त्याच्या बाजूची आठवण म्हणजे 'आईसाठी लढला' एवढंच. ऐकायला गोड आहे. पण दुःखाने बाराच्या बारा इंचांचा पल्ला वापरता येत नाही, आणि दुःखाने जॅब सरळ जात नाही. त्याचे वडील बिल 'डायनामाइट' डग्लस स्वतः व्यावसायिक बॉक्सर होते; पोरगा लहानपणापासून या धंद्यात वाढला होता. आईच्या आठवणीने त्याला त्या रात्री मैदान सोडू दिलं नसेल, हे मी मान्य करीन. लढत त्याने जिंकली ती शिकलेल्या विद्येवर. एक बाजू म्हणते टायसनच्या आळसाने झालं, दुसरी म्हणते आईच्या पुण्याईने झालं. दोन्हींत डग्लस स्वतः काही करतोय असं दिसतच नाही.

हे केवळ एका बॉक्सरच्या मानापमानाचं प्रकरण असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. पडलेल्या दैत्याच्या गोष्टीची एक खोड असते: भोवतीची सगळी माणसं ती त्याच्या आयुष्यातले प्रसंग करून टाकते. डग्लस असाच एक प्रसंग झाला. जवळपास दोन वर्षांनी, 10 फेब्रुवारी 1992 ला, इंडियानापोलिसच्या ज्यूरीने टायसनला एका 18 वर्षांच्या मुलीवरच्या बलात्काराबद्दल दोषी ठरवलं. चाहत्यांच्या कथनात तोही 'टायसनच्या आयुष्यातला पुढचा धक्का' म्हणून येतो, टोकियोच्या ओळीत मांडलेला. एकात प्रतिस्पर्धी बाजूला सरतो, दुसऱ्यात पीडित मुलगी. दोन्हींची तुलना होऊ शकत नाही, पण सांगण्याची रीत एकच आहे, आणि तिची चटक आपल्यालाच लागलेली आहे.

2019 मध्ये अँडी रुइझबद्दलही हीच रीत चालली. तो बदली खेळाडू म्हणून आला, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तिसऱ्या फेरीत आधी स्वतः पडला, मग जगज्जेत्या अँथनी जोशुआला चार वेळा पाडून सातव्या फेरीत जिंकला. त्याच्या हातांचा वेग तिथे बसलेल्या कुणालाही दिसत होता. चर्चा झाली ती त्याच्या सुटलेल्या पोटाची. सहा महिन्यांनी सौदी अरेबियात तो आणखी जाड होऊन आला, हरला, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला: बघा, आम्ही म्हणत नव्हतो?

अन्यायाचीच मोजदाद करायची असेल, तर टोकियोतले आठव्या फेरीचे ते जास्तीचे सेकंद बाजूला ठेवा आणि पंचांची गुणपत्रकं काढा. नऊ फेऱ्या संपल्या होत्या. डग्लसने त्यातल्या बहुतेक जिंकल्या, याबद्दल चित्रफीत पाहणाऱ्या कुणाचंही दुमत होईल असं मला वाटत नाही. अमेरिकन पंच लॅरी रोझाडिया यांनी डग्लसला 88-82 असं पुढे ठेवलं होतं. मासाकाझु उचिदा यांच्या मते दोघे 86-86 बरोबरीत होते. आणि केन मोरिता यांच्या कागदावर टायसन 87-86 असा आघाडीवर होता. त्यांनी लबाडी केली असं मी म्हणत नाही. समोर टायसन उभा असला की पंचांनाही तो आहे त्यापेक्षा मोठा दिसतो, एवढंच. पण याचा अर्थ असा, की दहाव्या फेरीत टायसन सावरला असता आणि शेवटच्या दोन फेऱ्या त्याने कशाबशा ओढल्या असत्या, तर ज्या लढतीत त्याने जवळपास सगळी रात्र मार खाल्ला ती तो हरला नसता. लढत बरोबरीत सुटली तरी पट्टा आधीच्या जगज्जेत्याकडेच राहतो. डग्लसला गुणांवर जिंकण्याची खात्री नव्हतीच. त्याला टायसनला खाली पाडणं भाग होतं, आणि खाली पाडल्यावरही काही तास त्याच्या पट्ट्यावर तीन माणसं पत्रकार परिषद घेऊन बसली होती. लांबलेल्या मोजणीवर वाद घालणाऱ्या एकाही चाहत्याने आजवर आपणहून माझ्यासमोर त्या गुणपत्रकांचा विषय काढलेला नाही.